डोलीचं मागलं टोक

"नवीला मागनं चालूं दे, सया. खिंडीनं घेतलंच कुणाला, तर तिला घेऊं दे. अजून घराला लागली नाय ती."

हे बोलल्या माझ्या सासूबाई, तुळजाबाई. ऐकत होते माझे थोरले दीर, सयाजी. आणि नवी म्हणजे मी. मी कुडापलीकडे बसून पिशवीत जुन्या लुगड्याची धडपी भरत होते. आमच्या घराला कुडाच्या भिंती आहेत, आणि त्यांच्याआड बोललेलं कुणाला ऐकू जात नाही, असा घरातल्या मोठ्या माणसांचा ठाम समज आहे.

रडू यायला हवं होतं. आलं नाही. एक तर रडायला वेळ नव्हता, आणि दुसरं म्हणजे मला त्यांचं म्हणणं कळत होतं. नवं मडकं आणलं की आधी पडवीत ठेवून बघतात, गळतं का ते. आतल्या उतरंडीत ते नंतर जातं. वैशाखात माझं लग्न झालं आणि हा श्रावण चालला होता. मी अजून पडवीतच होते.

कंदिलाची वात जरा वर करा. आता सांगायला घेतलंच आहे तर नीट सांगते. रात्रीची गोष्ट नाही ही. माहेरी, महाडात आम्हाला वाटायचं, भुतंखेतं अंधारात असतात. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या ह्या वाडीत आल्यावर कळलं, की श्रावणातलं धुकं दिवसाढवळ्या असं उतरतं, की कशाला अंधारासाठी थांबायची गरज पडत नाही.

तर त्या दिवशी आतल्या खोलीत माझी जाऊ, सयाजीदादांची बायको सुगंधाताई, पहाटेपासून कळा देत होती. पहिलटकरीण नव्हती, एक पोर पोटातच गेलं होतं तिचं. म्हातारी सुईण बाहेर आली, हात धुतले आणि म्हणाली, "पोर आडवं हाय. माझ्या हातचं काम नाय ह्ये. खाली न्या."

खाली न्या म्हणजे काय ते सांगायला हवं. वाडीत सरकारी उपकेंद्र आहे. पांढरी इमारत, भिंतीवर लाल त्रिकोण, दाराला कुलूप. सिस्टर मनानं चांगली होती, दर मंगळवारी यायची. पण पावसाळ्यात वहाळ भरला की तिचा मंगळवार पलीकडच्या काठावरच उरकायचा. त्या उपकेंद्राच्या व्हरांड्यात धोंडूची शेळी व्याली होती, सुखरूप. त्या इमारतीतलं आजवरचं तेवढंच बाळंतपण. माझे मिस्टर, हर्षद, सुट्टीवर आले की वीर स्टेशनात उतरायचे आणि म्हणायचे, मुंबई आता किती जवळ आली बघ. मुंबई आली होती जवळ. पोलादपूर मात्र आमच्यापासून होतं तिथंच राहिलं होतं. खिंडीपलीकडे उतरायचं, वहाळ ओलांडायचा, वडाखाली डांबरी लागते तिथं रमजानभाईची जीप गाठायची. ती चुकली तर दिवस गेला.

आजारी माणसाला न्यायला डोली. लांब जाड बांबू, त्याला घोंगडीची झोळी, एक माणूस पुढल्या टोकाला खांदा देतो, एक मागल्या. वाडीतले खांदे बहुतेक मुंबईला गेलेले. हाताशी उरलेले तीन. सयाजीदादा, त्यांचा चुलतभाऊ काशीराम, आणि शेजारचा तो शेळीवाला धोंडू. धोंडूला पुढं पिटाळलं, जीप थांबवून धर म्हणून. दोघांनी डोली घ्यायची. सोबत बाईमाणूस हवं. सासूबाई खिंडीत पाऊल टाकत नसत, का ते मला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणायच्या. त्याच गुडघ्यांनी रोज विहिरीच्या पायऱ्या चढायच्या.

म्हणून मी. नाहीतरी महाडचा दवाखाना मला ठाऊक होता.

निघताना सासूबाईंनी माझ्या पिशवीत एक नारळ टाकला. "खिंडीत इसाव्याच्या दगडावर डोली टेकवायची. आधी मागलं टोक, मग पुढलं. सयाला नारळ द्यायचा, तो फोडल. मग समद्यांनी पाठ करून उभं राहायचं. ती बघून घेते. मागं वळायचं नाय, बोलायचं नाय. कळलं का गो?"

मी मान हलवली. वाडीतल्या बायका मला मुकी म्हणायच्या ते उगीच नाही.

"ती कोण," हे मी विचारलं नाही, पण वाट चढताना काशीरामनंच सांगितलं. तो मागल्या टोकाला होता, मी त्याच्या मागं. गडी बोलका, आणि भ्याला की जास्तच बोलका.

"थोरलीची खिंड म्हणतात तिला, वयनी. आपल्याच घरातली सून. बाळंतपणाला खाली नेत होते, दगडावर इसाव्याला टेकवली, ती तिथंच गेली. पोटातलं पण गेलं. तवापासनं खिंड ओलांडायची तर तिला विचारून. तिच्यामागनं आजून दोघी गेल्या तिथंच, त्याच दगडावर. जी मागं ऱ्हाते तिला पण…"

"काश्या, त्वांड मिट," सयाजीदादा पुढून म्हणाले.

मी चालत होते आणि माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कळा देणारी बाई गार दगडावर ठेवायची, आणि गड्यांनी पाठ करून उभं राहायचं, किती वेळ ते कुणीच ठरवलेलं नाही. तिथं बाई मरायला आणखी कुणी लागतंच कशाला? हे बोलायला हवं होतं. पण नवी सून, त्यात मागून चालणारी. मी डोलीकडे बघितलं. घोंगडीच्या पोटातून थेंब पडत होते. पावसाचं पाणी असेल म्हणून मी बोटावर घेतलं. ते लाल होतं.

"दादा," मी म्हणाले, "ताईंना फार जातंय." माझा आवाज एवढा लहान होता, की मलाच ऐकू आला.

चढ संपत आला तसं धुकं दाट झालं. आधी पुढचे दादा दिसेनासे झाले, मग डोलीचं पुढलं टोक, मग ताईंची पावलं. माझ्यापुढं फक्त काशीरामची पाठ, आणि त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे आलेलं बांबूचं मागलं टोक. खाली वहाळ गरजत होता, तो आवाज कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा बंद झाला. पाऊसही नाही. कातळावरून थेंब गळत होते, सावकाश, एकेक.

ताईंचं कण्हणंही थांबलं होतं. नंतर एकदाच, अगदी बारीक, "पाणी…"

आणि मला वास आला. ओव्याचा. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा आणि शेपा टाकतात ना, त्या धुरीचा वास. उबदार, कडवट. त्या ओल्या कातळात चूल नाही, घर नाही, माणूस नाही… आणि कुणीतरी धुरी घातल्यासारखा वास.

दोन्ही बाजूंनी कातळ जवळ आले. मधोमध विसाव्याचा दगड होता. सपाट, आडवा, वापरून वापरून मऊ झालेला. धुक्यात सगळं पुसून गेलं होतं आणि तो तेवढा स्वच्छ दिसत होता.

दादा थांबले. बोलायचं नसतं म्हणून त्यांनी बांबूवर बोटांनी टकटक केली. टेकव, अशी खूण. आधी मागलं टोक.

काशीरामनं मान तिरकी केली, खांदा काढून घेतला, बांबू दोन्ही हातांवर घेऊन खाली न्यायला वाकला.

बांबू खाली गेला नाही.

मी नीट बघत होते. काशीराम वाकला तेव्हा त्याचे हात बांबूखाली होते, आणि मग नव्हते. बांबू जिथं होता तिथंच राहिला. खांद्याच्या उंचीवर. त्याच्याखाली धुकं होतं, दुसरं काही नाही.

काशीरामला वाटलं, मी धरला. त्याला वळून बघायची मुभा नव्हती, म्हणून त्यानं समजून घेतलं आणि बाजूला झाला. पुढं दादा गुडघे वाकवून थांबले होते, मागलं टोक टेकलं की पुढलं टेकवायला. ते टेकेना. उलट बांबू पुढं सरकला. एक धक्का, सावकाश, पण पक्का. दादांचा तोल गेला, एक पाऊल पुढं पडलं. परत धक्का. आणखी एक पाऊल. दगड त्यांच्या पायाशी होता आणि ते त्याच्या बाजूनं पुढं गेले. त्यांना वाटलं, काशीराम ढकलतोय. वळायचं नाही, बोलायचं नाही. त्यांचाच नियम. काय करतील?

तुम्ही म्हणाल मी किंचाळले असेन. किंचाळण्यासाठी आधी श्वास घ्यावा लागतो, तो मला सापडत नव्हता. डोली माझ्यासमोरून चालली होती. ताईंचा एक हात झोळीबाहेर लोंबत होता, बोटं पांढरी. त्या दगडावर ती टेकली असती तर पुन्हा उठली नसती, हे मला दिसत होतं. आणि मला कुडामागचं ते वाक्य आठवलं. अजून घराला लागली नाय ती.

बरं, म्हटलं मनात. नाय तर नाय.

मी पुढं झाले आणि मागल्या टोकाखाली खांदा दिला.

खांद्याला बांबू लागला नाही. तो माझ्या खांद्यावर, अगदी बोटभर वर, तरंगत होता. मी टाचा उंचावल्या, तो तेवढाच वर गेला. मग मी हात वर करून त्याला धरला आणि माझ्याच्यानं झालं तेवढं ढकललं.

तेव्हा काशीरामच्या ध्यानात आलं, की डोली पुढं गेली आणि आता सगळ्यात मागं तो आहे. तो माझ्या बाजूनं असा सुटला, की कातळाला त्याचं कोपर खरचटलं. पळतच दादांच्या शेजारी पोचला. धुक्यातून मला दादांचा आवाज ऐकू आला. नियम मोडून, कुजबुजून.

"तू हितं… मग मागं कोण हाय?"

"नवी."

"एकली?"

दादा चालायला लागले, भराभर.

खिंडीचा उतार सुरू झाला. घसरडी वाट, कातळावर शेवाळ. एरवी मी तिथून मोकळ्या हातांनीसुद्धा बसत बसत उतरले असते. त्या दिवशी माझा पाय एकदाही घसरला नाही. आणि माझ्या मागे पावलं वाजत होती. अनवाणी, ओली. माझं पाऊल पडलं की मग एक पाऊल. मी थांबले असते तर ते पाऊल कुठं पडलं असतं, हे मला करून बघायचं नव्हतं.

बांगड्याही वाजत होत्या. माझ्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता, मला वाटलं तोच. मी मनगट घट्ट धरून बघितलं. वाजणं थांबलं नाही.

मग मी वळले नाही, पण डोळे तिरके केले. बांबूवर माझा हात होता. त्याच्यामागं, वीतभर अंतरावर, दुसरा हात होता. बाईचा. हिरव्या काचा, त्यातली एक पिचलेली. बोटांची टोकं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. नखांत हळद.

माझ्या मानेवर गार हवा आली… आत घेतलेल्या श्वासासारखी, बाहेर सोडलेल्या नाही.

"थांबू नको गो…"

आवाज जवळून आला. म्हातारा नव्हता. माझ्याच वयाचा होता. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"पाठ करून उभे राह्यले समदे… पाणी कुणी दिलं नाय…"

मी चालत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसू शकत नव्हते, एक हात बांबूला आणि दुसरा ताईंच्या लोंबणाऱ्या हाताला धरलेला.

"परत येशील… तवा मला पण ने. घरी…"

बोलायचं नव्हतं. मी मान हलवली. जशी सासूबाईंपुढं हलवते तशी.

त्याबरोबर वहाळाचा आवाज परत आला. एकदम, दार उघडल्यासारखा. धुकं फाटलं आणि खाली वड दिसला, वडाखाली रमजानभाईची निळी जीप, आणि धोंडू बॉनेटवर हात ठेवून उभा, जणू जीप पळून जाईल. बांबू माझ्या खांद्यावर उतरला. अख्खं वजन. मी वाकले, पण पडले नाही. काशीरामनं धावत येऊन टोक घेतलं आणि वहाळाचं कमरेएवढं पाणी आम्ही ओरडत ओलांडलं. धोंडूनं दोर धरला होता.

ताईंना मागच्या सीटवर आडवं केलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. रमजानभाई मागचं दार धरून उभे होते, लावत नव्हते.

"चला ना भाई," दादा म्हणाले.

"अरे, दुसरी बाई? तिला पण येऊं दे. उतारावर बघितलं ना मी, डोलीच्या मागल्या टोकाला दोघी होत्या." त्यांनी वहाळापलीकडे मान उंच करून बघितलं. "एवढी भिजलेली, तशीच परत गेली काय?"

काशीरामनं दादांकडे बघितलं. दादांनी जमिनीकडे बघितलं.

"दार लावा," दादा म्हणाले.

पोलादपूरच्या दवाखान्यात सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, आणि डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लागणार, महाड गाठा. कशेडी घाटात दरड आली होती, ट्रकांची रांग पोलादपूर ओलांडून महाडच्या वाटेवर मागे गेलेली. रमजानभाईंनी हॉर्नवर तळहात ठेवला तो महाडात काढला. वाटेत प्रत्येक ट्रकवाल्याला त्यांनी एकेक नातं जोडलं, ते मी इथं सांगत नाही. पण रांग बाजूला होत गेली. एका बाजूला सावित्री दुथडी भरून, दुसऱ्या बाजूला शिव्या खाणारे ट्रक, आणि मधून आमची जीप. मला त्या अवस्थेतसुद्धा वाटलं, वरातीलाही आमची गाडी एवढ्या थाटात आली नव्हती.

दिवस मावळायच्या आत ऑपरेशन झालं. मुलगी. निळी पडली होती, मग रडली. असं रडली, की बाहेर बाकावर झोपलेला एक म्हातारा उठून बसला आणि म्हणाला, "हां, ही जगंल."

डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढून बाहेर आल्या. "कुठून आणलंत?"

दादांनी वाडीचं नाव सांगितलं.

"तिथून? डोलीतून? वाटेत कुठं थांबला नाहीत?"

"नाय," दादा म्हणाले, आणि वळून माझ्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

"थांबला असतात तर दोघीही हाताला लागल्या नसत्या. शाबास तुमची." त्या आत गेल्या. शाबास नक्की कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून काशीरामनं ती स्वतःकडे घेतली.

माझ्या पिशवीत नारळ तसाच होता. रमजानभाईंनी तो दवाखान्याच्या पायरीवर फोडला. आम्ही सगळ्यांनी खाल्ला, त्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही दिला. तेवढा गोड नारळ मी खाल्लेला नाही.

खोबरं चावता चावता दादा माझ्याकडे न बघता बोलले. "थोरली म्हंजे माझी चुलती. मी जल्मलो नव्हतो तवा. आय नवी होती घरात. तिलाच मागनं चालवली होती." करवंटी खाली ठेवली. "चुलतीनं दगडावरनं पाणी मागितलं. परत परत मागितलं. खिंडीत पाठ करून उभं ऱ्हायची रीत तवा पण होती, म्हणून कुणी वळलं नाय. आय पण नाय. आयनं एकदाच सांगितलंय मला ह्ये."

म्हणजे गुडघे दुखत नव्हते तर.

"तू कशी गो चाललीस न थांबता?" त्यांनी विचारलं.

मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

ताईंचे टाके काढून आम्ही परतलो तेव्हा गौरी-गणपती तोंडावर आले होते आणि कडक उघडीप होती. डोंगर धुतल्यासारखे, सोनकीची पिवळी फुलं सगळीकडे. ताई डोलीत, मुलगी तिच्या कुशीत. ह्या खेपेला वडापाशी आमची वाट बघत वाडीतले आणखी गडी येऊन थांबले होते. मुंबईहून सणाला आलेले. काशीरामनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की आता खिंडीत टेकवायचं नाही, चालता चालता खांदा बदलायचा, आम्ही तसंच केलं आणि बघा. जणू त्यानं केलं होतं. पण मी काही म्हटलं नाही. पुढची जी कुणी बाई डोलीत असेल, तिला ते कुणी केलं ह्याच्याशी काय करायचंय?

"वयनी, तू मधी चाल," काशीराम म्हणाला.

मी मान हलवली आणि मागं राहिले.

खिंडीत ऊन होतं. विसाव्याच्या दगडावर एक सरडा शेकत बसला होता. डोली न थांबता बाजूनं गेली, गडी गप्पा मारत होते, कुणीतरी शीळ घालत होतं. कुणी पाठ केली नाही, कुणी नारळ फोडला नाही. मी दगडापाशी क्षणभर रेंगाळले. सरडा एकाएकी उठला आणि पळाला.

मग मी चालू लागले. माझं पाऊल पडलं… मग एक पाऊल.

दारात सासूबाई उभ्या होत्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. त्यांनी ताईंवरून आणि मुलीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना लावलं. मुलीला बघून म्हणाल्या, "नाक आमच्या घरचं हाय." सगळे हसले. सगळे आत गेले.

मग त्यांनी दुसरा तुकडा घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "ये गो अनुपमा." त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. नवी नाही. मुकी नाही. माझ्यावरून ओवाळलं, पायांवर पाणी घातलं. माझं तोंड कुरवाळलं. "माझ्या घराला लागलीस बाय तू. ये. आत ये."

मी उंबरा ओलांडला.

सासूबाई माझ्यामागं बघत होत्या. आमचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं आणि उन्हानं कोरडं झालं होतं. त्यावर डोलीवाल्यांच्या वहाणांचे धुळीचे ठसे होते, माझ्या चपलांचे होते. आणि माझ्या ठशांच्या मागोमाग, फाटकापासून थेट उंबऱ्यापर्यंत, अनवाणी पावलं होती. लहान, बाईची. चिखलाची नव्हेत, नुसत्या पाण्याची. वरून ऊन तापत होतं आणि ती वाळत नव्हती.

घराबाहेर, भर दुपारी, ओव्याच्या धुरीचा वास येत होता.

सासूबाईंच्या हातातला तांब्या कलला. त्यांनी माझा दंड पकडला. "दार लोटून घे," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "वळूं नको, अनू… दार लोट… मागं बघूं नको…"

आत दादा उभे राहिले होते. काशीराम भिंतीला टेकला होता. सगळ्यांची तोंडं आधी माझ्याकडे, मग सवयीनं उंबऱ्याकडे हळूहळू पाठी होत चाललेल्या.

मी दाराला हात लावला नाही. मी वळले. नीट, पूर्ण वळले. आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.

"कुणी पाठ करू नका. सासूबाई, थोरल्या सासूबाई दारात उभ्या आहेत. त्यांच्यावरनं ओवाळायचं राहिलंय. पण आधी त्यांना पाणी द्या."